भांड्यांचा साबण आणि मोटारगाडीचा रंग

घरात भांडी घासण्यासाठी आणलेला द्रवरूप साबण मोटारगाडी धुण्यासाठी वापरावा की वापरू नये, या प्रश्नावर गाडी बाळगणाऱ्यांत दोन तट आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, जे द्रव्य अन्नाच्या ताटास चालते ते गाडीच्या पत्र्यास अपाय करील हे संभवतच नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते एका धुण्यातच गाडीची चकाकी कायमची नष्ट होते. दोन्ही मते ऐकीव असून त्यांपैकी कोणत्याही पक्षाने बहुधा स्वतः काही पारखून पाहिलेले नसते. प्रश्न क्षुल्लक वाटला, तरी त्याचे उत्तर देण्यासाठी रसायनशास्त्रातील बऱ्याच गोष्टींचा विचार करावा लागतो. आणि घरातील सफाईची सर्वच द्रव्ये भांड्यांच्या साबणाइतकी सौम्य नसल्यामुळे त्या उत्तरात कधी कधी माणसाच्या जिवाचाही प्रश्न येतो.

प्रथम गाडीच्या रंगाकडे पाहू. मोटारगाडीच्या आरंभीच्या काळात तिला घोड्याच्या बग्गीप्रमाणेच तेलाचे रोगण हाताने लावीत. एकेक थर वाळण्यास इतका वेळ लागे की, एका गाडीचे रंगकाम पुरे होण्यास काही आठवडे जात. अमेरिकेत ड्यूपॉन्ट व जनरल मोटर्स या कंपन्यांनी मिळून नायट्रोसेल्युलोजपासून केलेला, झटपट वाळणारा रंग १९२३-२४ च्या सुमारास प्रचारात आणला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. हल्लीच्या गाडीचा रंग मात्र एकजिनसी नसून तो थरांनी बनलेला असतो. पत्र्याला लागून गंजरोधक थर, त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा थर, त्यावर खऱ्या अर्थाने रंगाचा थर आणि सर्वांत वर एक रंगहीन, पारदर्शक बहुवारिकाचा थर, अशी ही रचना आहे. या सर्वांची मिळून जाडी सुमारे १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरचा पारदर्शक थर एकटा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. गाडीची चकाकी, उन्हापासून रंगाचे रक्षण आणि पावसापासून पत्र्याचे रक्षण ही तिन्ही कामे या थरावर सोपविलेली आहेत. तो झिजला तर आपोआप भरून येत नाही.

जुन्या, एकथरी रंगाच्या गाडीला पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरत असे. तो रंग जाड असल्यामुळे थोडा घासला गेला तरी खालून ताजा रंग वर येई. त्या काळात रूढ झालेले रॉकेलचा बोळा, राखुंडी, दंतमंजन इत्यादी उपाय आजच्या गाडीवर करणे म्हणजे बनारसी शालू दगडावर आपटून धुण्यासारखे होय.

आता साबणाकडे वळू. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत हे सर्वांस ठाऊक आहे. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी मैत्री करणारे, तर दुसरे लांब शेपूट तेलाशी मैत्री करणारे असते. तेलाच्या थेंबाभोवती असे असंख्य रेणू जमून शेपट्या आत व डोकी बाहेर अशी रचना करतात. त्यामुळे तेलाचा थेंब पृष्ठभागावरून सुटतो व पाण्याबरोबर वाहून जातो. याशिवाय साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला दर मीटरला ७२ मिलिन्यूटन असतो. साबण मिसळल्यावर तो निम्म्याच्याही खाली उतरतो. मग पाणी थेंबाच्या रूपाने उभे न राहता पसरते आणि बारीकसारीक फटींत शिरते. आपल्याकडील सोनार दागिने धुण्यासाठी रिठ्याचे पाणी वापरतात, त्यातही हेच तत्त्व आहे. रिठ्यातील सॅपोनिन हे निसर्गाने बनविलेले प्रक्षालकच होय.

तेलापासून अल्कलीच्या साहाय्याने केलेल्या जुन्या साबणात दोन दोष होते. त्याचे द्रावण नेहमी अल्कधर्मी असे आणि जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी संयोग पावून त्याचा चिकट, पांढुरका साका बनत असे. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या पाण्याने स्नान करणाऱ्यास बादलीच्या कडेला जमणारा हा साका परिचयाचा आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, तेव्हा चरबीवाचून प्रक्षालक बनविण्याच्या प्रयत्नांना चालना मिळाली. पुढे कृत्रिम प्रक्षालके सर्वत्र पसरली. भारतात १९५९ मध्ये सर्फ ही धुलाईची पूड बाजारात आली आणि १९६९ पासून अहमदाबादच्या निरमाने ती सामान्य संसाराच्या आटोक्यात आणली. भांडी घासण्याचा द्रव याच कुळातील असला तरी त्याची प्रकृती निराळी आहे. तो थेट हातांना लागावयाचा असल्याने त्यात सोडा घालीत नाहीत, किंवा अगदी थोडा घालतात. कपड्यांच्या पुडीत मात्र सोडा भरपूर असतो. भांड्यांच्या वडीत तर सोड्याबरोबर घासण्यासाठी खनिजाची बारीक भुकटीही असते. द्रव, वडी आणि पूड या तिन्हींना बोलताना आपण ‘साबण’च म्हणतो, आणि निम्मा घोटाळा तेथेच होतो. द्रव चालतो असे ऐकून कोणी वडीचा फेस गाडीला लावला, तर तो साबण लावीत नसून बारीक पॉलिशकागद घाशीत असतो.

मेणाचा प्रश्न

गाडीवर पॉलिश करतात तेव्हा पारदर्शक थरावर मेणाचा एक अतिशय पातळ लेप चढतो. उत्तम पॉलिशमध्ये ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांवर साचणारे कार्नोबा मेण असते. ते बरेच कठीण असून ८० अंश सेल्सिअसच्या वर वितळते. भांड्यांच्या साबणावरील मुख्य आरोप असा आहे की, तो हे मेण धुऊन नेतो. पुरावा म्हणून असे सांगतात की, धुण्यापूर्वी पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहत होते, ते धुतल्यावर पसरू लागले.

हा पुरावा कितपत खरा आहे, हे शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा घरी सहज पाहता येईल. रंग दिलेल्या पत्र्याच्या डब्याचे एक जुने झाकण घ्यावे. ते स्वच्छ धुऊन कोरडे करावे. त्याच्या अर्ध्या भागावर मेणबत्ती हलकेच घासून मऊ फडक्याने मेण एकसारखे पसरावे. मग दोन्ही भागांवर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. मेण लावलेल्या भागावर थेंब उभा राहील, दुसऱ्या भागावर तो बसका होईल. आता पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब मिसळून त्या द्रावणाचा थेंब मेणाच्या भागावर टाकावा. तोही पसरेल. मेण तर तेथेच आहे! यानंतर झाकण वाहत्या स्वच्छ पाण्याखाली चांगले धरावे, सुकू द्यावे आणि पुन्हा साध्या पाण्याचा थेंब टाकावा. थेंब पुन्हा उभा राहू लागेल.

यावरून असे दिसते की, थेंब पसरणे हे मेण गेल्याचे निश्चित लक्षण नव्हे. पृष्ठभागावर साबणाचा अंश राहिला असला तरीही थेंब पसरतो. तेलकट द्रव पदार्थ साबण झटकन उचलतो. कठीण मेण थंड पाण्यात तो सहजासहजी उचलू शकत नाही. तथापि पॉलिशमध्ये मेणाबरोबर तेलेही असतात, ती साबणाने निघून जातात. आणि दाट साबणाने दर आठवड्यास रगडून धुतल्यास लेप हळूहळू पातळ होतो यात शंका नाही. तात्पर्य, एका धुण्यात सर्व संपते हे म्हणणे अतिशयोक्तीचे, आणि काहीच होत नाही हे म्हणणे निष्काळजीपणाचे आहे. दहा लिटर पाण्याच्या बादलीत एक-दोन लहान चमचे द्रव पुरेसा होतो. नवे पॉलिश करण्यापूर्वी जुने तेलकट अवशेष काढावयाचे असतील तेव्हा तर हा साबण सोयीचाच आहे. नित्याच्या धुण्यासाठी गाडीचा खास शाम्पू अधिक बरा. कारण त्यात वंगणासारखे काम करणारी द्रव्ये मिसळलेली असतात व धुळीचे कण रंगावरून घसरत जातात. भांड्यांच्या द्रवात मीठ असते म्हणून गाडी गंजते असेही कोणी सांगतात. द्रव दाट करण्यासाठी त्यात मीठ घालतात हे खरे. पण बादलीत ते इतके विरळ होते व नंतरच्या पाण्याने इतके वाहून जाते की, मुंबईच्या किंवा चेन्नईच्या समुद्रावरील वाऱ्यापुढे त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

हळदीची कसोटी

एखादे द्रव्य अम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे मोजण्यासाठी पीएच ही मोजपट्टी कोपनहेगन येथील सोरेनसन या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये सुचविली. शुद्ध पाण्याचा पीएच ७ असतो. त्याखाली अम्ल, त्यावर अल्कली. मोजपट्टीवरील एका अंकाचा फरक म्हणजे दसपट फरक, हे विसरता कामा नये. भांड्यांचा द्रव साधारणपणे ७ च्या आसपास असतो. धुलाईच्या पुडीचे द्रावण १० किंवा त्याहूनही वर, धुण्याच्या सोड्याचे ११ च्या सुमारास, तर स्वयंपाकातील व्हिनेगर अडीच-तीनच्या आसपास असते. संडास साफ करण्याच्या द्रवात हायड्रोक्लोरिक अम्ल असून त्याचा पीएच १ च्याही खाली जातो.

पीएच मोजण्याचे साधन प्रत्येक घरात असतेच असे नाही, पण हळद असते. आमटीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावताच डाग लाल होतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. हळदीतील करक्युमिन हे रंगद्रव्य अल्कलीत पिवळ्याचे तांबडे होते. पीएच साडेसातच्या पुढे गेला की हा पालट दिसू लागतो. टीपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या दाट पाण्यात भिजवून सावलीत वाळवाव्यात. ज्या द्रव्याने गाडी धुवावयाची, ते बादलीत जेवढे विरळ करणार तेवढेच विरळ करून त्याचा थेंब पट्टीवर टाकावा. पट्टी पिवळी राहिली तर अल्कलीचे भय नाही. ती भडक तांबडी झाली तर ते द्रव्य गाडीपासून दूर ठेवावे. अम्लाची परीक्षा मात्र हळदीने होत नाही, कारण अम्लात ती पिवळीच राहते. त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क वापरता येतो.

अल्कलीचे एवढे भय का? पारदर्शक थर अल्कलीने लगेच विरघळतो असे नव्हे. खरा धोका ॲल्युमिनियमला आहे. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर त्याच्याच ऑक्साइडचा एक घट्ट पापुद्रा असतो व तोच त्या धातूचे रक्षण करतो. हे ऑक्साइड मोठे विलक्षण आहे: ते अम्लातही विरघळते आणि अल्कलीतही विरघळते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालून पाणी उकळले की पातेले काळे पडते, ते याच कारणाने. गाडीची मिश्रधातूची चाके ॲल्युमिनियमचीच असतात. त्यांवर रोगण असते खरे, पण खडा उडून ते जेथे खरवडले गेले असेल तेथे सोड्याचे किंवा संडासाच्या द्रवाचे पाणी धातूला जाऊन भिडते आणि पुढे रोगणाच्या खालून पसरत जाते. चाकांवरचा ब्रेकचा काळा थर हट्टी असतो, म्हणून नेमके येथेच माणसाचा हात जालीम द्रव्याकडे वळतो.

अम्लाचा एक सौम्य उपयोग मात्र मान्य करावयास हवा. जड पाणी उन्हात वाळले की काचेवर व रंगावर कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे ठिपके उरतात. तांब्याच्या ताम्हणाला चिंच लावावी त्याच न्यायाने, पाण्याने विरळ केलेल्या व्हिनेगराचे फडके ठिपक्यांवरून फिरविल्यास ते विरघळतात. फडके फिरविताच भरपूर पाणी ओतावे. याहून उत्तम म्हणजे ठिपके पडूच न देणे: गाडी सावलीत धुवावी, पत्रा हाताला थंड लागत असताना धुवावी आणि ओली असतानाच पुसून घ्यावी.

धुळीचे ओरखडे

साबणाच्या जातीविषयी एवढा वाद घालणारे लोक ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात ती म्हणजे धूळ. रस्त्यावरील धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, बारीक कण असतात. काठिण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झचा अंक ७ आहे; तो पोलादी सुरीच्या पात्यालाही ओरखडा काढू शकतो. गाडीवरील बहुवारिकाचा थर त्यापुढे लोण्यासारखा होय. भारतातील हजारो वसाहतींत रोज पहाटे एक माणूस एक बादली व एक फडके घेऊन अनेक गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची धूळ फडक्यात बसते, बादलीत उतरते आणि शेवटच्या गाडीवर जाऊन ओरखडे काढते. दोष त्याचा नाही. त्याला बादल्या आणि पाणी मोजून मिळते. गाडीवर प्रथम नुसते पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, एका बादलीत साबण व दुसरीत साधे पाणी ठेवावे आणि फडके दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मग साबणात बुडवावे. या साध्या रीतीने रंगाचे जेवढे रक्षण होते तेवढे महागड्या शाम्पूनेही होत नाही.

असे ओरखडे उन्हात पाहिले असता सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जाळीसारखी वर्तुळे दिसतात. फडके गोल फिरविल्यामुळे ती उमटली असे सर्वांना वाटते. परंतु डोके हलविले की वर्तुळेही प्रतिबिंबाबरोबर सरकतात! वस्तुतः ओरखडे सर्व दिशांना गेलेले असतात. त्यांपैकी ज्यांची दिशा प्रकाश डोळ्यांकडे परतविण्यास अनुकूल असते तेवढेच चमकतात, आणि त्यांची रचना वर्तुळाकार भासते. घरातील स्टीलचे ताट दिव्याखाली धरून पाहावे, तेथेही हेच दिसेल.

भिंतीवरील पेन्सिलीचे डाग नुसत्या पाण्याने पुसणारा एक पांढरा स्पंज अलीकडे दुकानांत मिळतो. तो हाताला मऊ लागतो. पण त्याचे तंतू मेलॅमाइनच्या कठीण राळेचे असून तो डाग विरघळवीत नाही, अतिशय बारीक कानशीप्रमाणे खरवडतो. गाडीच्या रंगावर त्याने डागाबरोबर चकाकीही जाते.

पुढच्या दिव्यांची आवरणे हल्ली काचेची नसून पॉलिकार्बोनेटची असतात. १९५३ मध्ये जर्मनीत व अमेरिकेत स्वतंत्रपणे शोध लागलेले हे बहुवारिक हातोड्याच्या घावाने फुटत नाही. मात्र अल्कली त्याला सोसत नाही आणि ऊन त्याला पिवळे करते. म्हणून अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव त्यावर वापरू नये. काळोख्या पापुद्र्याच्या खिडक्यांवरही ते वापरू नये. पिवळ्या पडलेल्या दिव्यावर दंतधावन घासल्यास तो स्वच्छ होतो हे खरे आहे. त्यातील बारीक भुकटी पिवळा थर खरवडून काढते. परंतु त्याबरोबर कारखान्यात दिलेला ऊनरोधक लेपही उरलासुरला निघून जातो आणि काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा पडतो.

येथपर्यंतची हानी वस्तूंची झाली. गाडीच्या आतील गालिच्यावर दूध सांडले, कोणाला ओकारी झाली, म्हणजे वास घालविण्यासाठी घरातील निरनिराळ्या बाटल्या एकामागून एक रित्या केल्या जातात. विरंजक द्रवात सोडियम हायपोक्लोराइट असते. त्यात संडासाच्या द्रवातील हायड्रोक्लोरिक अम्ल मिसळले की मीठ, पाणी आणि क्लोरीन वायू निर्माण होतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्यामुळे खाली साचतो, आणि गाडीच्या पायाखालची जागा वाकून घासणाऱ्याचे नाक नेमके तेथेच असते. विरंजकात अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात. पिवळट वायू दिसला किंवा घशात झोंबले तर बाटली उचलण्यासाठीही पुन्हा आत वाकू नये; दारे उघडी टाकून माणसाने मोकळ्या हवेत यावे आणि श्वासास त्रास होत असल्यास त्वरित डॉक्टर गाठावा. दुधाच्या डागाला भांड्यांचा साबण विरळ करून लावणे, ओल्या फडक्याने तो पुनःपुन्हा टिपणे आणि खिडक्या उघड्या ठेवून गालिचा वाळविणे पुरेसे होते.

गाडी पुसणाऱ्याच्या हातांचाही विचार व्हावयास हवा. त्वचेच्या बाहेरील थराचा पीएच सुमारे ५ असून तिच्यात नैसर्गिक स्निग्ध द्रव्य असते. रोज पहाटे सोड्याच्या पाण्यात बुडणारे हात ते गमावून बसतात व भेगाळतात. हळदीच्या पट्टीवर तांबडे उमटणारे पाणी पत्र्याइतकेच हातांनाही अहितकारक असते. रबरी हातमोज्यांची किंमत पॉलिशच्या डबीपेक्षा कमीच पडते.

गाडी धुतलेले पाणी कोठे जाते, हा भाग राहिला. १९५० नंतरच्या दशकात अनेक देशांतील नद्यांवर फेसाचे ढीग साचू लागले होते, कारण त्या वेळच्या प्रक्षालकांच्या रेणूंना फांद्या असत व जंतूंना ते पचत नसत. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास सरळ साखळीचे रेणू प्रचारात आले. ते जंतू पचवितात. तेव्हा साबणापुरते हे पाणी पूर्वीइतके घातक नाही. पण त्यात रस्त्यावरचे तेल, टायरची झीज आणि ब्रेकमधील धातूंची भुकटीही असते. म्हणून ते अंगणातील भाजीच्या वाफ्यात किंवा विहिरीच्या काठाशी न सोडता गटाराच्या बाजूस उतार असलेल्या जागी गाडी उभी करून धुवावी.